आवाज बंद करून दाखवलेला सिनेमा

जयंती : इंजिन बंद करा आधी. त्यांच्या दारासमोर गाडी चालू ठेवून बसलात तर बँक लुटायला आलोय असं वाटेल कोणाला.

राजन : हीटर बंद होईल.

जयंती : होऊ दे. दोघंही स्वेटर घालून आलोय.

राजन : मी काय म्हणतो, फोन करून यायला हवं होतं. असं न सांगता रविवारी सकाळी कोणाच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

जयंती : केला होता ना फोन. दोनदा केला. मंदाताईंनी उचलला नाही.

राजन : झोपल्या असतील.

जयंती : मंदाताई? या वेळी? ड्राइव्हवे बघा. कडेपर्यंत बर्फ शोव्हल केलाय. ब्याऐंशी वर्षांची बाई, आणि आपला अजून तसाच पडलाय.

राजन : माझी पाठ धरलीय.

जयंती : काल माईक धरून दोन तास उभे होतात तेव्हा नव्हती धरली.

राजन : हे बघ जयंती, मी मंदाताईंबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी त्या सिनेमातल्या घरमालकिणीला बोलायला लावलं. इंग्लंडातली, समुद्रकाठची, नव्वद वर्षांपूर्वीची घरमालकीण. काळ्या-पांढऱ्या सिनेमातली. तिचा आणि आपल्या कनाटा गावातल्या मराठी मंडळाचा काय संबंध?

जयंती : मला नका समजावू. मी तुमच्या शेजारी उभी होते. दुसरा माईक माझ्या हातात होता.

राजन : मग तुला माहीत आहे की कल्पना चांगली होती. ते जुनं इंग्रजी बोलणं मला इतकी वर्षं राहून नीट कळत नाही, तर सुपर व्हिसावर मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना काय कळणार? म्हणून आवाज बंद केला आणि पडद्यावरच्यांचं आपण मराठीतून बोललो. पुरुष मी, बायका तू. ज्येष्ठांच्या मेळाव्यात इतकी माणसं हसलेली मी आजवर पाहिली नाहीत. एरवी मधुमेहावर भाषण असतं.

जयंती : हसले, हो. मंडळातल्या यशोधनच्या आईला ठसका लागला. पहिल्या रांगेत मंदाताईही हसत होत्या. मी बघत होते ना मधूनमधून. ती घरमालकीण पाहुण्यांच्या टेबलावरचा केक पर्समध्ये कोंबते, तेव्हाही हसत होत्या.

राजन : आणि मग?

जयंती : मग मी म्हटलं, "टाकून काहून द्यायचं बाप्पा? डबा आहे ना माझ्यापाशी."

राजन : तेच. ते मी लिहिलं नव्हतं. मी साधं लिहिलं होतं, "वाया कशाला घालवायचं". ते मंदाताईंचं नागपुरी तू घातलंस. सरावात नव्हतं हे.

जयंती : हशा आला म्हणून घातलं. आणखी मोठा आला म्हणून पुन्हा घातलं.

राजन : तिसऱ्यांदाही घातलंस.

जयंती : घातलं. आणि "आता मंगळवारपर्यंत चूल पेटवायला नको", हे कोणी लिहिलं होतं?

राजन : मी. पण ते मुळात तुझं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाहून आलो तेव्हा आपल्या जेवणाच्या टेबलावर तू मंदाताईंच्या डब्यावरून म्हणालीस. मी खूप हसलो होतो. मी नुसतं उचललं.

जयंती : घरात माणूस काहीही बोलतं. ते घरात बोलायचं असतं.

राजन : हो, पण बोललेलं असतंच ना.

जयंती : ...बोलले होते. मी कुठे नाही म्हणते?

राजन : आता रडू नकोस. काच धुरकटते.

जयंती : रडत नाहीये. ग्रुपवरचं ते तरी काढलंत का?

राजन : काय?

जयंती : काय काय विचारता? काल रात्री जे दिव्य लिहिलंत ते. "आजच्या कार्यक्रमातील विनोद निखळ होता, कोणत्याही सदस्याला उद्देशून नव्हता, कोणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा." कोणी सांगितलं होतं लिहायला?

राजन : मला वाटलं, विषय तिथेच तोडलेला बरा.

जयंती : तोडलात काय? तोपर्यंत निम्म्या लोकांच्या लक्षातही आलं नव्हतं. तुमचं ते वाचून सगळे विचारायला लागले, कोणाला उद्देशून नव्हता? मग कोणीतरी व्हिडिओ टाकला. त्याखाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे. रात्री बर्नाबीहून आपल्या अक्षराचा फोन आला, तो तुम्ही माझ्या हातात दिलात आणि वॉशरूममध्ये जाऊन बसलात.

राजन : काय म्हणाली ती?

जयंती : तुम्ही दाराआडून ऐकलंय.

राजन : तरी.

जयंती : "आई, दॅट्स मंदामावशी. यू गाइज मेड फन ऑफ मंदामावशी. दॅट्स जस्ट मीन." एवढंच. आणि फोन ठेवला. जिला मंदाताईंनी याच घरातल्या सिंकमध्ये आंघोळ घातली ती मुलगी. मी तापानं पडले होते आणि तुम्ही टोरंटोला ट्रेनिंगला होतात, तेव्हा. त्यांचे गुरुदत्त डॉक्टर असून लांब उभे राहून सूचना देत होते, आणि मंदाताई म्हणत होत्या, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला मुलं तपासता येतात, धुता येत नाहीत.

राजन : आठवतंय मला. चल, जाऊ. त्या पिशवीत काय आहे?

जयंती : त्यांचा डबा. किचनच्या काउंटरवर राहिला होता काल.

राजन : जड दिसतोय. जयंती, तू भरलास?

जयंती : वडे उरले होते आणि शिरा. हात आपोआप चालला. घरी आल्यावर लक्षात आलं, आपण काय केलं.

राजन : अगं, कालच्या प्रकारानंतर त्यांच्या हातात उरलेल्या वड्यांचा डबा द्यायचा? रिकामा करायचा मग.

जयंती : आणि रिकामा डबा द्यायचा? कोणाचा डबा रिकामा परत केलाय का आजवर? चिमूटभर साखर तरी घालतो माणूस. भरलेला दिला तर टोमणा, रिकामा दिला तर संबंध तोडल्यासारखं. सकाळपासून दोनदा रिकामा केला आणि दोनदा भरला मी तो.

राजन : मग गाडीत राहू दे तो. विषयच नको.

जयंती : तुम्हाला एक सांगू? पहिला डबा मी दिला होता त्यांना.

राजन : कोणता पहिला?

जयंती : गुरुदत्त गेले त्यानंतरच्या गणपतीत. सगळे आपापल्या गाड्या गाठून निघून गेले होते. मंदाताई नेहमीसारख्या शेवटपर्यंत थांबून पातेली घासून कोट चढवत होत्या. मी मागे धावले. म्हटलं, मसालेभात उरलाय, न्या. नको म्हणाल्या. मी सोडते का? माझी शपथ आहे म्हटलं. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. दर वेळी नको म्हणायच्या आणि दर वेळी मी कोंबायचे. मग माझे डबे परत करायचे राहतात म्हणून त्या स्वतःचा आणायला लागल्या. आणि मग मी तुम्हाला घरी येऊन सांगायला लागले, पाहिलंत का, आता घरूनच डबा घेऊन येतात.

राजन : हे मला माहीत नव्हतं.

जयंती : मीच विसरले होते. काल त्या उठून बाहेर गेल्या ना, तेव्हा त्यांच्या पाठीकडे बघताना आठवलं. चला, उतरा. त्या पायरीवर जपून.

(बेल वाजते. थोड्या वेळानं दार उघडतं.)

मंदाताई : या. बूट तिथे मॅटवर काढा. आत्ताच फरशी पुसली आहे मी.

जयंती : मंदाताई, मी फोन केला होता सकाळी.

मंदाताई : ऐकला. नाही उचलला.

राजन : आम्ही म्हटलं, जवळच आहे तर एक चक्कर...

मंदाताई : चक्कर काय रे? केव्हाचे गाडीत बसून होते तुम्ही. खिडकीतून पाहून राहिली होती मी. म्हटलं, भांडून घेऊ दे बाप्पा आधी, मग येतील. बसा. चहा टाकते.

जयंती : चहा नको, मंदाताई. मी करते हवं तर.

मंदाताई : माझ्या घरात मी करते. तुला सगळं माहीत आहे कुठे आहे ते, पण बस.

राजन : मंदाताई, मी सरळच बोलतो. काल जे काही झालं ते अनवधानानं झालं. आमचा हेतू...

मंदाताई : सराव केला होता ना तुम्ही?

राजन : केला होता.

मंदाताई : दोघांनी मिळून?

राजन : हो. महिनाभर करत होतो संध्याकाळी. बेसमेंटमध्ये.

मंदाताई : मग अनवधान कुठून आलं रे त्यात? साखर कमी घेतोस ना अजून? घे.

जयंती : नागपुरी मी घातलं, मंदाताई. यांनी नव्हतं लिहिलं. तो आवाज माझा होता.

मंदाताई : तुझा नव्हता गं, माझा होता. छान काढला. मला आधी कळलंच नाही. ती बाई केक उचलते आणि बाप्पा म्हणते, तेव्हा मी हसली. म्हटलं, ही कोणासारखी बोलून राहिली? फार ओळखीची वाटते. माझी नागपूरची मावशी आठवली मला. दुसऱ्यांदाही हसली मी. माझ्या बाजूला ऋषीची नवी बायको बसली होती, काय नाव तिचं?

जयंती : ईशिता.

मंदाताई : ईशिता. ती पोरगी पोट धरून हसत होती. हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम थांबली. मान खाली घातली. तिच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की ती बाई म्हणजे मी आहे. म्हणजे सगळ्या हॉलला आधी कळलं, आणि मला शेवटी.

जयंती : मंदाताई...

मंदाताई : बोलू दे मला. मग मी उठली. डबा होता किचनमध्ये. तो घ्यायचा तर पडद्यासमोरून जावं लागणार. डबा घेऊन त्या उजेडातून चालत जायचं? नाही गेली. तसाच सोडला आणि कोट घेऊन बाहेर पडली. गाडीवरचा बर्फ झाडायला ब्रश पण नाही सापडला, हातानंच काच पुसली.

राजन : मी धावत यायला हवं होतं तुमच्यामागे. मला दिसलं होतं तुम्ही गेलात ते.

मंदाताई : दिसलं होतं?

राजन : हो. पण माझं वाक्य यायचं होतं.

मंदाताई : खरं बोललास एकदाचं.

राजन : मंदाताई, एक विचारू का? रागावू नका. आम्हाला खरोखर माहीत नव्हतं, तुम्ही ते डबे कोणासाठी नेता.

मंदाताई : कोणासाठी म्हणजे?

राजन : म्हणजे, आपल्याकडे कॉलेजची मुलं असतात. बेसमेंटमध्ये चौघं चौघं राहतात, पार्ट-टाइम करतात, जेवणाचे हाल असतात. यशोधन म्हणत होता, तुम्ही कदाचित अशा कोणाला...

मंदाताई : माझ्या बेसमेंटमध्ये घर गरम करायचा फर्नेस आहे आणि गुरुदत्तच्या स्की आहेत. मीच खाते.

राजन : हो, हो. खायलाच हवं. म्हणजे त्यात काही...

मंदाताई : तुला वाटलं, मी पोराबाळांना वाटते. तसं असतं तर तुझी माफी सोपी झाली असती रे. मंडळात उभा राहून म्हणाला असतास, मंदाताई किती थोर. टाळ्या पडल्या असत्या. तसं काही नाही. मला मसालेभात आवडतो. एकटीसाठी करायचा कंटाळा येतो. चार चमचे भातासाठी कोण मसाला भाजत बसेल? आणते, फ्रीजमध्ये ठेवते, मंगळवारपर्यंत खाते. ते तू बरोबर लिहिलंस.

जयंती : ते मी म्हटलं होतं. घरी. यांनी माझंच घेतलं.

मंदाताई : मला तसं वाटलंच. राजनला काय माहीत मंगळवार? मी तुलाच सांगितलं होतं एकदा फोनवर.

जयंती : मला लाज वाटते, मंदाताई. काल रात्रीपासून मला माझा आवाज ऐकवत नाही.

मंदाताई : वाटू दे.

जयंती : पहिला डबा मी दिला होता तुम्हाला. शपथ घालून.

मंदाताई : मी नाही विसरली. तुलाच आता आठवलं. त्या रात्री तुझा मसालेभात मी उभ्यानं खाल्ला, इथे, सिंकपाशी, गरम पण न करता. गुरुदत्त गेल्यावर चव लागलेलं पहिलं जेवण ते. म्हणून पुढच्या वेळी नको म्हणताना माझा आवाज जरा बारीक झाला असेल. तुझ्या लक्षात आलं असेल की हिला हवंय.

जयंती : नाही हो. असं नका बोलू.

मंदाताई : माझा डबा कुठे आहे?

जयंती : गाडीत आहे.

मंदाताई : आत काहून नाही आणला?

राजन : भरलेला आहे, मंदाताई. वडे आणि शिरा. मीच म्हटलं, नको आणूस.

मंदाताई : भरून आणला?

जयंती : रिकामा कसा आणू, मंदाताई? मला कळतच नव्हतं काय करू. भरला तरी वाईट, रिकामा तरी वाईट.

मंदाताई : हं. पंचाईत झाली खरी तुझी.

राजन : तुम्ही हसताय, मंदाताई?

मंदाताई : नाही. सांग मला, त्या बाईचं पुढे काय होतं?

राजन : कोणत्या बाईचं?

मंदाताई : सिनेमातल्या. घरमालकिणीचं. मी मधूनच उठली ना. सगळ्या हॉलनं मला ती समजलं, तर मला कळायला नको ती कोण आहे ते?

राजन : तसं काही विशेष नाही. ती नाचगाणीवाली मंडळी तिच्याकडे राहत असतात, बेकार. भाडं थकतं. मग शेवटी त्यांना मोठ्या थिएटरमध्ये काम मिळतं, आणि सगळे नाचत नाचत स्टेशनकडे जातात. मोठा कोरस आहे तिथे.

मंदाताई : आणि ती?

राजन : तिचं एक छोटं गाणं आहे त्यानंतर. आम्ही ते नाही दाखवलं काल. स्टेशनपाशीच थांबवलं. वडे तळून झाले होते, थंड झाले असते.

मंदाताई : सिनेमा आहे का तुझ्याजवळ?

राजन : डीव्हीडी गाडीत आहे, कालच्या सामानाच्या पिशवीत.

मंदाताई : आण. टीव्हीखालचा प्लेअर चालतो अजून. आणि येताना पायरीवरच्या बर्फावर मीठ टाक, बादली दाराशीच आहे. पडशील नाही तर.

जयंती : मी जाऊ का? यांची पाठ...

मंदाताई : जाऊ दे त्याला. तू बस. तुझे डोळे सुजले आहेत.

जयंती : झोप नाही लागली. मंदाताई, तुम्ही मला चार शब्द ऐकवा ना. तुम्ही इतक्या शांतपणे चहा देताय, ते मला सहन होत नाही.

मंदाताई : काय ऐकवू? तू दुसरी कोणी असती तर ऐकवलं असतं. तुला बर्फात गाडी चालवायला मी शिकवलं. ब्रेक मारू नको गं, नुसता पाय उचल, असं ओरडत शेजारी बसली होती मी. इथे तुम्हां सगळ्यांमध्ये मी एकटी नागपूरची. माझ्या बोलण्याला सगळे हसतात हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. तोंडावर हसतात, मी पण हसते. पण मला वाटत होतं, जयंतीच्या घरात मी हसायची गोष्ट नाही. तिथे मी मंदाताई आहे. तेवढं एक घर होतं माझं तसं. हे घे, पूस डोळे. आला तो.

राजन : मिळाली. मीठही टाकलं. डावीकडचा कठडा हलतोय तुमचा, मी दुरुस्त करून देईन.

मंदाताई : लाव आधी सिनेमा. आणि आवाज बंद करू नको.

राजन : शेवटाकडेच नेतो सरळ. हा बघा, स्टेशन. हे सगळे निघाले. आता हा हीरो टोपी उडवतो आणि म्हणतो...

मंदाताई : राजन, तू बोलू नको. आज त्यांना बोलू दे.

राजन : सवय झाली महिनाभरात.

मंदाताई : ही तीच ना? रिकाम्या खोलीत?

जयंती : हो. टेबल आवरतेय सगळ्यांचं.

मंदाताई : किती बारीक आवाज आहे गं हिचा. मला वाटलं, एवढी जाडजूड बाई म्हणजे खणखणीत असेल. काय म्हणते ती?

राजन : मलाही नीट कळत नाही. त्या भागातला हेल आहे तिचा. काहीतरी खुर्च्यांबद्दल आहे. खुर्च्या रिकाम्या झाल्या, आता... नाही, नाही कळत.

मंदाताई : मग काल कसं कळत होतं तुला?

राजन : काल आवाज बंद होता.

मंदाताई : पाहिलंस का, जयंती? केक काढला तिनं पर्समधून.

जयंती : हो.

मंदाताई : बशी घेतली. नीट बसली खुर्चीवर. एकटीच खाते आहे. कोणाला दिला नाही. मला वाटत होतं, कोणी आजारी पोरगं असेल वरच्या खोलीत. नाही. तिलाच आवडतो.

राजन : इथे त्या काळी थिएटरात लोक हसत असणार. विनोदी म्हणूनच घातलंय ते. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा इंग्लंडात लीड्सला शिकत होतो. पहिला हिवाळा होता, खोलीत कोणी नाही, घरमालकिणीच्या टीव्हीवर रविवारी दुपारी लागला होता. त्या देशात गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो हा सिनेमा बघून. खरं सांगतो मंदाताई, सगळ्यांत मला हीच बाई आवडायची.

मंदाताई : म्हणून तिचीच टर उडवलीस?

राजन : आवडलेल्या माणसाची उडवताना हात सैल सुटतो. मला माफ करा.

मंदाताई : संपलं वाटतं.

जयंती : हो, संपलं. निघतो आम्ही. तुमच्या जेवणाची वेळ झाली. मंदाताई, त्या डब्याचं काय करू, एवढं सांगा. आणून देऊ? धुऊन देऊ?

मंदाताई : तुझ्याकडेच राहू दे.

जयंती : म्हणजे परत नको तुम्हाला?

मंदाताई : वडे तुम्ही खा आज, टाकू नका. डबा धुऊन ठेव. पुढच्या महिन्यात पाडव्याचा कार्यक्रम आहे ना मंडळाचा?

जयंती : आहे. पण तुम्ही येणार नाही असं...

मंदाताई : काहून नाही येणार? पातेली कोण घासेल मग? मी येईन. जेवणं झाली की तो डबा घेऊन तू माझ्याकडे यायचं. किचनमध्ये नाही. हॉलमध्ये, सगळे बसले असतील तिथून चालत. आणि मला विचारायचं, मंदाताई, डबा भरू का?

जयंती : सगळ्यांसमोर?

मंदाताई : काल सगळ्यांसमोरच होतं ना? इथे माझ्या सोफ्यावर बसून रडणं सोपं आहे.

राजन : मी येतो तिच्याबरोबर. मीही उभा राहतो.

मंदाताई : तू बसून राहा. तुला काही करायचंच असेल तर ग्रुपवरचं ते पुसून टाक आधी. योगायोग म्हणे. जयंती, एवढंच विचारायचं, जास्त भाषण नको. आणि तुझ्या आवाजात विचारायचं.

जयंती : विचारीन.

मंदाताई : सगळे तुझ्याकडे पाहून राहतील.

जयंती : माहीत आहे. तरी विचारीन. तुम्ही घ्याल का, मंदाताई?

मंदाताई : ते मी तेव्हा बघीन. बूट नीट घाल, लेस सुटली आहे तुझी.